भिंतीआडची वीज

श्रोतेहो, नमस्कार. गणपतीच्या सजावटीसाठी भिंतीत खिळा ठोकताना किंवा ड्रिल लावताना, त्या गिलाव्याआडून २३० व्होल्टची वीज धावते आहे, याची आठवण फार थोड्यांना होते. पुण्यातल्या बहुतेक सदनिकांमध्ये वायरी विटांच्या भिंतीत खाच पाडून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या पाईपमधून नेलेल्या असतात, आणि तो पाईप ड्रिलला अडवू शकत नाही. खिळा फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या, वायरीला टेकला, तरी दिवे चालूच राहतात. खिळ्यात मात्र वीज उतरलेली असते.

अशा वेळी एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह आला की आपोआप बंद होणारा बोर्डावरचा स्विच, पडेल, असा अनेकांचा समज आहे आणि तो घातक आहे. दहा अँपिअरचा एमसीबी त्याहून बराच जास्त भार आला किंवा शॉर्टसर्किट झाले तरच पडतो. माणसाचा जीव जाण्यास मात्र त्याच्या शतांश प्रवाहही पुरतो. यासाठी आरसीसीबी हा विजेची गळती ओळखणारा वेगळा स्विच असतो; तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रल या परतीच्या वायरीतून परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो, आणि त्यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत वीज तोडतो. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची उपकरणे माणसाच्या रक्षणासाठी पुरेशी नाहीत, हे खरेदी करताना अवश्य पाहावे. शिवाय फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकाच वेळी हात लागला, तर आरसीसीबीलाही ते कळत नाही.

ब्रिटनच्या नियमांनुसार घराच्या भिंतीत ५० मिलिमीटरपेक्षा कमी खोलीवर, अर्थिंग केलेल्या धातूच्या आवरणाविना नेलेल्या वायरीला हे ३० मिलिअँपिअरचे संरक्षण द्यावे लागते. आपल्याकडच्या चार इंची भिंतीत दोन्ही बाजूंनी एवढी खोली मिळणे जवळजवळ अशक्यच. म्हणून गिझर आणि वॉशिंग मशीनबरोबर दिव्यांच्या सर्किटलाही ते हवे, असे माझे ठाम मत आहे.

इन्व्हर्टर बसवताना दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र जोडले गेले, तर आरसीसीबी वारंवार पडतो, आणि मग कंटाळून तो बायपास केला जातो. कृपया असे होऊ देऊ नका. वायरमनकडून न्यूट्रल वेगळे करून घ्यावेत आणि इन्व्हर्टरच्या बाजूला स्वतंत्र आरसीसीबी बसवून घ्यावा, कारण बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटला मुख्य बोर्डावरचा आरसीसीबी वाचवत नाही. त्याचे टेस्ट बटण अधूनमधून दाबावे; तो पडला नाही, तर वायरमनला लगेच बोलवावे.

घराचे काम चालू असेल, तर पाईप स्विचबोर्डापासून सरळ उभे किंवा आडवेच न्यावेत, तिरपे नव्हे. गिलावा होण्यापूर्वी भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढावेत आणि ते मुख्य बोर्डाजवळच ठेवावेत.