पहिला चोर पहिल्याच पानांत

मंडळी, रहस्यकथेचं शेवटचं पान आधी उघडणारे वाचक सगळीकडे असतात, इथेही असतील. इंग्रज लेखक विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' ही कादंबरी हाती आली तर त्यांनी खुशाल तसं करावं. चोराचं नाव त्यांना तिथे मिळणार नाही. पहिला चोर मात्र पहिल्याच पानांत उभा आहे.

४ मे १७९९. श्रीरंगपट्टण पडलंय, टिपू मारला गेलाय. लूट थांबवायला पाठवलेला एक इंग्रज अधिकारी जामदारखान्याकडे धावतो, तर दारात दोन माणसं मरून पडलेली, तिसरा शेवटचे श्वास मोजतोय. आणि त्याचा स्वतःचा चुलतभाऊ, जॉन हर्नकॅसल, एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात रक्त ठिबकणारा खंजीर घेऊन वळतो. त्या खंजिराच्या मुठीत हिरा चमकतो. दुसऱ्या दिवशी जनरल बेअर्ड दवंडी पिटवतो: लुटताना जो सापडेल तो फासावर जाईल. तरी हर्नकॅसलचं काही बिघडत नाही. का? तर भाऊ म्हणतो, मी खून होताना डोळ्यांनी पाहिला नाही, माझ्याकडे पुरावा नाही. तो फक्त घरच्यांना पत्र लिहितो.

हे पत्र भराभर वाचून पुढे जाऊ नका. पुढे १८४८ साली हाच हिरा यॉर्कशरच्या एका घरात हर्नकॅसलच्या भाचीला, रेचेलला, अठराव्या वाढदिवसाला मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. मग घर हादरतं, पोलीस येतात, लंडनहून सार्जंट कफ येतो. माझ्या मते कादंबरीचा खरा डंख इथे आहे: चोरीचा माल चोरीला गेला म्हणून एवढा गहजब, आणि मूळ चोरीची फिर्याद कुणी कधी दिलीच नाही.

कफ काम कसं करतो ते बघण्यासारखं आहे. नव्याने रंगवलेल्या दाराचा रंग एका ठिकाणी फरफटलाय. स्थानिक अधिकारी म्हणतो, सकाळी मोलकरणींनी गर्दी केली, त्यांचे घागरे घासले. कफ विचारतो, रंग कधी लावला? बुधवारी दुपारी तीनपर्यंत. वाळायला किती वेळ? बारा तास. म्हणजे पहाटे तीनला रंग वाळलेला. मोलकरणी आल्या अकराला. झालं! आता शोधायचा तो डाग पडलेला कपडा. हे अंकगणित आज साधं वाटेल, पण १८६८ मध्ये, डिकन्सच्या साप्ताहिकात ही कथा क्रमशः येत होती तेव्हा, इंग्रजी कादंबरीला ते बरंच नवं होतं.

कपड्याचा धागा प्रत्यक्षातूनच आला असावा. १८६० मध्ये विल्टशरमधल्या रोड हिल हाउसमध्ये एका लहान मुलाचा खून झाला. डिटेक्टिव्ह व्हिचरने एका हरवलेल्या नाइटगाउनवरून घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीवर, कॉन्स्टन्स केंटवर, संशय घेतला. लोकांनी त्यालाच धारेवर धरलं. १८६५ मध्ये तिने कबुली दिली.

हिऱ्याची ही कथा एकजण सांगत नाही. ज्याने जे पाहिलं तेवढंच त्याने लिहायचं, असा करार आहे. म्हातारा कारभारी बेटरेज 'रॉबिन्सन क्रूसो' उघडून कौल लावतो. मिस क्लॅक जाईल तिथे धर्माच्या पत्रिका पेरते. तिचा भाग बरेच जण कंटाळून गाळतात, मला मात्र तोच सगळ्यात धमाल वाटतो. आपण किती कुजकट आहोत हे तिला शेवटपर्यंत कळत नाही, आणि वाचकाला पहिल्या परिच्छेदात कळतं.

एवढ्या जबान्यांत हिऱ्याच्या तीन ब्राह्मण राखणदारांची जबानी नाही. हिऱ्यामागे इंग्लंडपर्यंत गेलेले, समुद्र ओलांडून जात गमावलेले हे तिघे. सोमनाथला ते एकमेकांचा निरोप घेतात आणि प्रायश्चित्तासाठी तीन दिशांना निघतात, पुन्हा कधीही न भेटण्यासाठी. तेही आपल्याला सांगतो मर्थवेट, वेष पालटून यात्रेकरूंच्या गर्दीत उभा असलेला इंग्रज.