गोव्याची प्रो-लीग : वरची वाट बंद झाली तेव्हा

मंडळी, 2007-08 ते 2012-13 हे सहा मोसम आठवा. देशाची अव्वल फुटबॉल लीग, म्हणजे आय-लीग, नव्यानं सुरू झाली आणि तिची पहिली सहाही विजेतेपदं गोव्यात आली. आधी धेंपो, मग चर्चिल ब्रदर्स, पुन्हा धेंपो, मग साळगावकर, परत धेंपो, परत चर्चिल. कोलकात्याच्या मोहन बागान, ईस्ट बंगाल या क्लबांमागे लाखो माणसं उभी असतात, पण त्या सहा वर्षांत करंडक त्यांच्या हाती एकदाही लागला नाही. आणि आपलं राज्य केवढं? 2011च्या जनगणनेत आपण पंधरा लाखसुद्धा भरलो नाही.

हे कसं घडलं, असं विचारलं की लोक पटकन दोन उत्तरं देतात. खाणमालकांचा पैसा आणि परदेशी खेळाडू. दोन्हींत तथ्य आहे. साळगावकर आणि धेंपो ही घराणी मूळची खाण व्यवसायातली, आणि नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सनं 2011-12च्या एका मोसमात धेंपोसाठी 32 गोल केले, हे कोण विसरेल? पण त्याच धेंपोत क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक, महेश गवळी होते. प्रशिक्षक आर्मांद कुलासो होते. सगळे इथलेच. पैशानं आघाडीवीर विकत आणता येतो. पण राखीव बाकावर बसलेला अठरा वर्षांचा मुलगा तयार व्हायला त्याला दर आठवड्याला खऱ्या गुणांसाठी खेळलेला सामना लागतो. तो सामना त्याला कुठे मिळत होता? गोव्याच्या प्रो-लीगमध्ये. आपले मोठे क्लब आय-लीग खेळत असतानाच राज्याची लीगही खेळायचे. मुख्य संघातले काही आणि राखीव फळीतले काही, असा मिसळलेला संघ उतरवायचे. त्यामुळे लहान क्लबाच्या पोरालाही राष्ट्रीय विजेत्यांच्या बचावपटूला चकवून पाहण्याची संधी मिळायची. आजच्या व्याख्यानात मला सांगायचं आहे ते एवढंच, की त्या सहा करंडकांच्या मुळाशी राज्याचा हा मोसम होता आणि आपण तो फार स्वस्त समजलो.

थोडं मागे जाऊ. आय-लीगच्या आधीची देशाची राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली 1996 साली. त्याआधी गोमंतकीय खेळाडूला वर्षभराची लीग म्हणून जे काही होतं, ते राज्यातलंच. बाकी बाहेरच्या बाद फेरीच्या स्पर्धा आणि राज्यांच्या संघांचा संतोष करंडक. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार झाले, त्यांना 1997 साली अर्जुन पुरस्कार मिळाला, त्यांची गोलरक्षक म्हणून घडण याच काळातली. 1959 साली स्थापन झालेली आपली फुटबॉल संघटना, म्हणजे आजची जीएफए (गोवा फुटबॉल असोसिएशन), पोर्तुगीज अमदानीत जन्मली आणि मुक्तीनंतरही टिकली. प्रो-लीग हे नाव पुढे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात रुळलं. क्लबांनी खेळाडूंशी करार करायचे, पगार द्यायचे, अशी ती व्यवस्था.

आता मोसम प्रत्यक्षात कसा चालतो ते बघा. बारा संघ धरा. दुहेरी साखळी झाली तर प्रत्येकाच्या वाट्याला 22 सामने येतात. एकेरी झाली तर 11. कागदावर हा फक्त आकड्यांचा फरक. पण राखीव गोलरक्षकाचा विचार करा. 22 सामन्यांत पहिला गोलरक्षक कधीतरी जायबंदी होतो, कधी निलंबित होतो, कधी आजारी पडतो. दुसऱ्याला पाच-सहा संधी मिळतात. 11 सामन्यांत पहिला गोलरक्षकच मोसम काढतो आणि दुसरा वर्षभर नुसता हातमोजे घालून बसतो. प्रशिक्षकही मग धाडस करत नाही, कारण दोन सामने हरले की मोसम हातचा गेला. म्हणून कोणी मला विचारलं की लीग सुधारायला काय करावं, तर मी पहिली मागणी सामन्यांच्या संख्येची करतो, बक्षिसाची नाही.

पावसाचा प्रश्न वेगळाच. मोसमाची सुरुवात बहुधा पावसाळ्यात होते. तेव्हा गवताची मैदानं भिजून चिखल झालेली असतात, म्हणून म्हापशाच्या धुळेर मैदानावर कृत्रिम हिरवळीवर सामने लावायचे. आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारी चारच्या सुमाराला. तुम्ही कधी तिथे सर पडताना सामना पाहिलाय का? चेंडू अपेक्षेपेक्षा पुढे घसरतो, बचावपटू वळेपर्यंत निसटतो, आणि मध्यंतराला मुलं बाहेर येतात तेव्हा मोज्यांना, कोपरांना, अगदी पापण्यांनासुद्धा त्या हिरवळीतले रबराचे काळे कण चिकटलेले असतात. घासून पडलं की कातडी सोलवटून निघते. टाळ्या वाजवायला मात्र माणूस नसतो. कामावरची माणसं चार वाजता येणार कशी? दोन्ही क्लबांचे पदाधिकारी, मुलांचे आईवडील, आणि आमच्यासारखे चार वेडे. इतक्या मेहनतीनं खेळलेल्या खेळाकडे इतकं कमी लक्ष जावं, याचं मला फार वाईट वाटतं.

2014 साली आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, आली. मडगावजवळ फातोर्ड्याला तिच्यातल्या गोव्याच्या संघाच्या, एफसी गोवाच्या, सामन्यांना स्टेडियम भरायला लागलं. याला मी नावं ठेवणार नाही; मंदार राव देसाईसारखा आपला खेळाडू देशभर ओळखला गेला तो तिथूनच. घाव बसला तो 2016 साली. आयएसएल देशाची अव्वल लीग होणार, आय-लीग तिच्या खाली जाणार, आणि खालून वर चढायला वाट नसणार, असा आराखडा अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं मांडला. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. पाठोपाठ धेंपोनंही.

धेंपोची गोष्ट तर चटका लावणारी आहे. हा क्लब 2014-15मध्ये आय-लीगमधून खाली घसरला होता. रुसून बसला नाही. पुढच्याच मोसमात दुसऱ्या श्रेणीत खेळला, ती जिंकला, मैदानावर घाम गाळून वर जाण्याचा हक्क कमावला. आणि तो हक्क न वापरता थांबला. जुनी राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेला, 2008 साली आशियाई क्लबांच्या एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीत पोचलेला क्लब. कारण सरळ होतं. ज्या मजल्यावर चढायचं त्याच्यावर जिनाच नाही, तर चढून करायचं काय? शिवाय 2012च्या खाणबंदीनंतर गोव्यातल्या खाणमालकांचा हातही पूर्वीइतका सैल राहिला नव्हता.

त्या दिवसापासून प्रो-लीगचा अर्थ बदलला. जी लीग पुढे जाण्यासाठी खेळायची, तीच या क्लबांची सर्वांत मोठी लीग होऊन बसली. जिंकलं तर काय, याला उत्तर उरलं नाही. 2018-19चा मोसम जिंकला तो एफसी गोवाच्या राखीव, विकास संघानं. मला तो मोसम फार महत्त्वाचा वाटतो. एका अंगानं ते लीगचं यशच: याच विकास संघातून सेव्हियर गामा, प्रिन्सटन रिबेलो, लिअँडर डिकुन्हा ही गोमंतकीय मुलं पुढे आयएसएलच्या मैदानात उतरली. पण दुसऱ्या अंगानं बघा. ज्या लीगमध्ये एकेकाळी राष्ट्रीय विजेते एकमेकांशी भिडायचे, तिथे एका मोठ्या क्लबाची मुलं अव्वल ठरली. पोरांचं कौतुक करायचं आणि जुन्या क्लबांची काळजीही करायची, दोन्ही एकाच वेळी करावं लागलं.

महामारीनं उरलंसुरलं वेळापत्रक मोडलं. 2019-20चा मोसम पुरा होऊ शकला नाही. स्पोर्टिंग आणि चर्चिल यांना संयुक्त विजेते ठरवावं लागलं. त्यानंतरच्या दोन मोसमांत अख्खी आयएसएल गोव्यात झाली. फातोर्डा, बांबोळी, वास्कोचं टिळक मैदान, आपली तिन्ही मोठी मैदानं देशाच्या लीगसाठी कुलूपबंद. सारा भारत टीव्हीवर गोव्याची मैदानं बघत होता आणि गोव्यातले क्लब सरावासाठी जागा शोधत होते.

आणखी एक गोष्ट उघड बोलायला हवी. भातकापणी झाली की गावोगावच्या स्पर्धा सुरू होतात. तिथे गर्दी असते, रोख बक्षीस असतं, गावाची अब्रू पणाला लागलेली असते. प्रो-लीगचे करारबद्ध खेळाडू लपूनछपून तिथे खेळतात, यावरून क्लब चिडतात, शिक्षा करतात. मला त्या मुलांचा राग येत नाही. पगार तुटपुंजा, तोही वेळेवर येईल याची खात्री नाही, मोसम कधी सुरू होणार आणि कधी संपणार ते माहीत नाही. मग एका संध्याकाळच्या पैशाला तो नाही कसा म्हणेल? पण खडबडीत शेतात गुडघा गेला, की उपचाराचा खर्च कोण करतो? त्याचा बाप. गावच्या स्पर्धा बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, गोव्याचा फुटबॉल तिथेच रुजलाय. दोन्हींच्या तारखा आधी एकत्र बसून ठरवता येतात, एवढंच म्हणणं आहे. कापणीनंतरचे ठरावीक आठवडे गावांना द्या, प्रो-लीग त्या काळात थांबवा, आणि क्लबांनी खेळाडूंचा विमा त्या आठवड्यांसाठीही चालू ठेवावा.

आता वाट थोडी उघडते आहे. धेंपो आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीतून चढून 2024-25मध्ये पुन्हा आय-लीग खेळला. त्यांना समीर नाईकसारखा आपल्याच जुन्या फळीतला प्रशिक्षक लाभला. त्याच मोसमात चर्चिल ब्रदर्स आय-लीगच्या गुणतक्त्यात वर होते आणि विजेतेपदाचा वाद थेट आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादापर्यंत गेला. निकाल प्रतिस्पर्धी क्लब इंटर काशीच्या बाजूनं लागला. निकाल विरुद्ध गेला, पण गोव्याचे दोन क्लब पुन्हा देशाच्या लीगमध्ये होते, एक तर अगदी वरच्या टोकाला.

म्हणून जीएफएकडे माझी मागणी तीन गोष्टींची आहे. मोसमाचं पूर्ण वेळापत्रक पाऊस लागायच्या आधी जाहीर करा. दुहेरी साखळी खेळवा. आणि निदान शनिवार-रविवारचे सामने संध्याकाळी दिव्यांखाली लावा, म्हणजे कामावरून सुटलेला माणूस आपल्या मुलाला घेऊन येऊ शकेल. आता प्रश्न विचारा. मागे बसलेल्या मुलांना आधी विचारू द्या, त्यांच्यातले दोघंतिघं अजून सरावाच्याच कपड्यांत आहेत.