हातातली अडगळ

हातात पाच पानं. तीन तांब्याची नाणी, दोन जमिनी. नाणी खर्च करता येतात. जमीन मात्र नुसती हात अडवून बसते. ‘डोमिनियन’ या पत्त्यांच्या खेळाचा पहिला डाव अनेकदा असाच सुरू होतो.

डोनाल्ड एक्स. व्हॅकारिनो यांचा हा खेळ २००८ सालचा. त्याआधी, १९९३ मध्ये, रिचर्ड गारफिल्ड यांच्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळानं खेळाडूंना एक सवय लावली होती: आपला गठ्ठा आधीच जुळवून आणायचा, मग खेळायला बसायचं. कित्येकांचा निम्मा जीव त्या जुळवाजुळवीतच. व्हॅकारिनोंनी ती जुळवाजुळवच उचलून डावात आणली. सांगायला एका वाक्याचं काम!

सगळ्यांना सारखीच दहा पानं: सात नाणी, तीन जमिनी. दर खेपेला पाच ओढायची, मधल्या ढिगांतून एखादं नवं पान विकत घ्यायचं, हात टाकून द्यायचा. गठ्ठा संपला की टाकलेली पानं पिसून पुन्हा घ्यायची. म्हणजे आत्ता घेतलेलं पान फिरून आपल्याच हातात येणार.

आणि इथे मेख आहे. जिंकायला गुण लागतात, आणि ते मुख्यतः जमिनीच्या पानांवर. सहा गुणांच्या ‘प्रॉव्हिन्स’ या जमिनीची किंमत आठ, पण एवढं मोजून घेतलेलं ते पान खेळताना निरुपयोगी. जो पुढे जातो त्याचा गठ्ठा जड होत जातो. त्याला आवरायला वेगळा नियम लिहावाच लागलेला नाही. पेटीत पाचशे पानं आहेत, पण मला विचाराल तर डिझायनरची खरी कमाल या एका अडचणीत आहे.

२००९ मध्ये ‘डोमिनियन’ला जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’, म्हणजे ‘वर्षाचा खेळ’, हा पुरस्कार मिळाला, आणि त्याच चालीचे खेळ धडाधड येऊ लागले. कॉपीराइट नियमपुस्तिकेतल्या शब्दांना आणि चित्रांना मिळतो, खेळण्याच्या पद्धतीला मिळत नाही. त्यामुळे उचलेगिरी झालीच. तिच्यातून काही अस्सलही निघालं.

पॉल डेनेन यांचा २०१६ चा ‘क्लँक!’ घ्या. इथे गठ्ठा बांधत बांधत ड्रॅगनच्या गुहेत शिरायचं असतं. आवाज झाला की आपल्या रंगाचा ठोकळा पटावर ठेवायचा. ड्रॅगन झडप घालतो तेव्हा ते ठोकळे पिशवीत जातात, आणि ज्याचे बाहेर निघतील त्याला मार.

सुरुवातीची पानं इथेही दहाच. त्यांतली दोन हातात आली की कपाळाला आठी पडते. नाव ‘स्टंबल’. ठेचकाळलात, आवाज झाला, ठेवा ठोकळा.