राकामचे साचे

मित्रहो, आज ज्या कंपनीबद्दल बोलणार आहे तिचं नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेलं नसेल. राकाम. १९९७ साली फ्रान्समध्ये झां बे यांनी ती उभी केली आणि २०१० साली ती कायमची बंद झाली. टेबलावर खेळायच्या युद्धखेळांसाठी धातूचे छोटे योद्धे घडवणं हा तिचा धंदा. या क्षेत्रात कंपन्या येतात आणि जातात, पण राकामचं जाणं मला अजून लागतं. ती का गेली हे नीट समजून घ्यावं, एवढ्यासाठी हा विषय घेतला.

दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मातीची चित्रं मांडतो. मावळे, तोफा, सिंहासनावर महाराज. तशीच ही चित्रं, पण खेळायची. टेबलावर टेकड्या आणि पडक्या भिंती मांडायच्या, दोघांनी समोरासमोर आपापली फौज उभी करायची, टेपने अंतर मोजून एकेक योद्धा पुढे सरकवायचा आणि घाव बसला की नाही ते फाशावर ठरवायचं. राकामच्या मुख्य खेळाचं नाव ‘कॉन्फ्रंटेशन’. आर्क्लाश नावाचं एक कल्पित जग त्यांनी रचलं होतं. त्यातले वोल्फेन, म्हणजे लांडग्याच्या देहाचे योद्धे, ज्याने एकदा पाहिले तो विसरणार नाही. माणूस-योद्धा जेमतेम तीन सेंटिमीटर उंच असायचा, तरी त्याच्या पट्ट्यावरची शिवण दिसायची.

पाकीट घेतलं की योद्ध्याबरोबर त्याच्या ताकदीचे आकडे छापलेलं कार्ड मिळायचं, आणि सुरुवातीच्या काळात नियमांची छोटी पुस्तिकाही आत असायची. दोन्ही बाजूंना मोजके योद्धे असले तरी डाव रंगायचा. म्हणजे खिशात फार पैसे नसलेल्या कॉलेजातल्या मुलालाही दार उघडं होतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आतला धातू मात्र कोरा. घरी आणून कानशीने कडा साफ करायच्या, हात चिकटवायचे, अस्तराचा रंग द्यायचा आणि मग बारीक कुंचल्याने रंगवत बसायचं. एकेका योद्ध्यावर कित्येक संध्याकाळी जायच्या. राकामसाठी योद्धे रंगवणाऱ्या कलाकारांनी तर धातूचा चमचमता रंग न वापरता नुसत्या राखाडी, निळ्या, पांढऱ्या छटांमधून तलवारीचं पोलाद चमकवून दाखवलं. ‘क्राय हॅवक’ या त्यांच्या मासिकात ते काम छापून यायचं आणि लोक ते समोर ठेवून शिकायचे. तेव्हा बघा, अर्धं काम गिऱ्हाईक करत होतं, आनंदाने करत होतं, आणि त्यामुळेच ती फौज त्याची स्वतःची होत होती.

आता ओतकामाकडे येऊ, कारण सगळं रामायण तिथे आहे. धातूचा योद्धा करायचा तर मूर्तिकाराने घडवलेला मूळ नमुना रबराच्या दोन चकत्यांमध्ये ठेवून उष्णतेखाली दाबतात. रबर घट्ट होतं, साचा तयार. मग तो गरगर फिरवत मधल्या भोकातून कथलाचा वितळलेला मिश्रधातू ओततात. फिरण्याच्या जोराने धातू बोटांच्या टोकांपर्यंत पोचतो. असा साचा स्वस्तात होतो. काहीशे नग काढले की झिजतो, मग दुसरा करायचा. एखादा योद्धा खपला नाही तरी कंपनीचं फारसं बिघडत नाही. लहान कंपनी जगते ती या स्वस्त साच्यावर.

प्लॅस्टिकचं गणित वेगळं. त्याला पोलाद कोरून केलेला साचा लागतो. त्याचा खर्च प्रचंड, आणि तो माल बाजारात येण्याच्या कितीतरी आधी करावा लागतो. हजारोंनी नग खपले तरच तो वसूल होतो.

२००६ साली राकामने ‘एटी-४३’ हा भविष्यकाळातल्या युद्धाचा खेळ आणला. त्यातले सैनिक प्लॅस्टिकचे, कारखान्यातून रंगवूनच आलेले. यामागचा विचार खोटा नव्हता. ‘खेळायला आवडेल हो, पण रंगवायला वेळ कुठे?’ असं म्हणणारे सगळीकडे असतात आणि त्यांच्यासाठी खेळ काढणं यात गैर काही नाही. वेगळा खेळ म्हणून तो चालू ठेवला असता तर माझी तक्रार नव्हती. पण पुढच्या एक-दोन वर्षांत खुद्द ‘कॉन्फ्रंटेशन’लाच त्याच वाटेने नेलं. धातूचे योद्धे थांबले, रंगवलेलं प्लॅस्टिक आलं, नियमही बदलून मोठ्या फौजांचे झाले. ज्यांनी वर्षानुवर्षं कुंचला चालवला होता, त्यांच्या कामाची कंपनीला आता गरजच उरली नाही. हेच गिऱ्हाईक दुकानात चार नव्या मुलांना खेळ शिकवत असतं. ते दुखावलं की नवं गिऱ्हाईक आणणार कोण?

आणि नवा माल चीनमध्ये बनायचा. साच्याचे पैसे आधी, मालाचे पैसे आधी, मग जहाजाचा प्रवास, मग गोदाम, मग दुकानदार. विक्रीचा पैसा हाती यायला महिनोन्‌महिने. यासाठी खेळतं भांडवल लागतं, आणि ते मोठ्या कंपनीकडे असतं. याच धंद्यातल्या मोठ्या कंपनीकडे, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपकडे, स्वतःचा कारखाना आहे, स्वतःची दुकानं आहेत. राकामकडे तसलं काही बळ नव्हतं. त्यात २००८ ची मंदी आली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या वितरणासाठी फँटसी फ्लाइट या तिथल्या खेळ काढणाऱ्या कंपनीशी करार झाला, पण तेवढ्याने भागलं नाही. लोक मंदीला दोष देतात. माझ्या मते मंदीने फक्त तारीख ठरवली. कंपनीचा कणा मोडला होता तो साचा बदलला तेव्हाच.

बंद पडल्यावर काय उरतं? घरातली फौज उरते. कार्डं उरतात, नियम उरतात, आणि काही खेळाडूंनी ते आपापसात जपले, पुढेही वाढवले. पण मोडलेला हात बदलून मिळत नाही आणि नव्या माणसाला सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. कंपनीच्या मालमत्तेत नावं, चित्रं, नमुने यांचे हक्क विकले जातात. ज्यांनी ते नमुने हातांनी घडवले त्या मूर्तिकारांना त्यात विचारतं कोण?

२०१८ साली सां-देतूर या फ्रेंच प्रकाशनसंस्थेने जुना धातूचा ‘कॉन्फ्रंटेशन’ परत आणण्यासाठी लोकवर्गणी उभी केली. जुन्या खेळाडूंनी मन मोकळं करून पैसे भरले. पुढच्याच वर्षी ती संस्थाही बुडाली आणि पैसे भरलेल्यांच्या हाती योद्धे पडलेच नाहीत. एकाच खेळाने त्याच माणसांना दोनदा रडवलं. तेव्हा उद्या कुणी असं जुनं, लाडकं नाव घेऊन वर्गणी मागायला आलं, तर पैसे देण्याआधी त्याला सरळ विचारा: मूळ नमुने कुणाच्या ताब्यात आहेत, ओतणार कोण, आणि गोळा झालेला पैसा दुसऱ्या देण्यांत वळणार नाही याची हमी काय? ही विचारणा उद्धटपणाची नाही. खेळावर जीव असलेल्या माणसानेच ती करायची असते.