ला लिगातले पाच सामने: उनाई एमेरी यांची उमेदवारी

श्रोतेहो, आज ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे, ते उनाई एमेरी स्पेनच्या अव्वल साखळीत, म्हणजे ला लिगामध्ये, खेळाडू म्हणून एकूण पाच सामने खेळले आणि त्यांत त्यांनी एक गोल केला. तो गोलही अशा सामन्यातला, जो त्यांच्या रेआल सोसिएदादने आल्बासेतेविरुद्ध ८-१ असा जिंकला होता; म्हणजे तो झाला नसता तरी कोणाचे काही अडले नसते. हा हंगाम १९९५-९६चा. पुढे याच गृहस्थांनी प्रशिक्षक म्हणून युरोपा लीग हा, युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेचा, चषक चार वेळा जिंकला, आणि इतक्या वेळा तो दुसऱ्या कोणाही प्रशिक्षकाला जिंकता आलेला नाही. एमेरींची कहाणी सांगताना या दोन गोष्टी सहसा एकमेकींसमोर उभ्या केल्या जातात आणि त्यातून एका अपयशी खेळाडूचे नशीब कसे पालटले, याचे रसभरित वर्णन केले जाते. मला ते पटत नाही. त्यांची प्रशिक्षकी ही त्यांच्या सामान्य खेळाडूपणातूनच घडलेली आहे, तिची बलस्थाने आणि तिचे दोषही तिथलेच आहेत, असे मला वाटते, आणि तेवढेच आज मांडायचे आहे.

एमेरी यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९७१ रोजी ओंदारिबिया येथे झाला. बास्क प्रांतातले हे गाव बिदासोआ नदीच्या मुखाशी वसलेले आहे आणि नदीपलीकडे फ्रान्स सुरू होतो. शेजारच्या इरून शहरातला रेआल उनियोन हा क्लब आज खालच्या श्रेणींत खेळत असला, तरी १९२९ साली ला लिगा सुरू झाली तेव्हा तो तिच्या पहिल्या दहा संघांपैकी एक होता. उनाई यांचे आजोबा अंतोनियो एमेरी हे त्या संघाचे गोलरक्षक. १० फेब्रुवारी १९२९ रोजी बार्सिलोनात एस्पान्योलच्या पितुस प्रात या खेळाडूने ला लिगाच्या इतिहासातला पहिला गोल केला, तो याच अंतोनियो एमेरी यांच्यावर. इतिहासात नाव नोंदवले जाण्याची ही तऱ्हा काही फारशी सुखाची नव्हे! उनाई यांचे वडीलही गोलरक्षकच होते. घराण्यात फुटबॉल असा तीन पिढ्यांचा होता, पण तो पोटापाण्याचा फुटबॉल होता, पोस्टरवर झळकणाऱ्यांचा नव्हे.

स्वतः उनाई डाव्या पायाने खेळत आणि मधल्या फळीत डावी बाजू सांभाळत. रेआल सोसिएदादच्या राखीव संघात त्यांची उमेदवारी झाली, पहिल्या संघाचे दार जेमतेम किलकिले झाले आणि बंद झाले. मग तोलेदोत चार हंगाम, गालिसियाच्या किनाऱ्यावरील फेरोलमध्ये दोन, माद्रिदजवळच्या लेगानेसमध्ये एक आणि शेवटी मूर्सिया प्रांतातल्या लोर्का या शहरात, तिसऱ्या श्रेणीत. त्यांचे दोनशेहून अधिक सामने द्वितीय श्रेणीतच झाले. या श्रेणीतला खेळाडू काय करतो, याची थोडी कल्पना करून पाहा. त्याच्या पायात जादू नसते, हे त्याला स्वतःला ठाऊक असते. समोरचा विंगर आपल्याहून वेगवान आहे हेही ठाऊक असते. तेव्हा तो चेंडू येण्याआधी कुठे उभे राहायचे, बचावपटूशी किती अंतर ठेवायचे, केव्हा पुढे सरायचे आणि केव्हा मुकाट्याने मागे यायचे, हे शिकतो, कारण त्यावाचून त्याला पुढच्या वर्षीचा करार मिळणार नसतो. महान खेळाडूचे पाय जे आपसूक करतात, ते त्याला डोक्याने करावे लागते. आणि डोक्याने केलेली गोष्ट दुसऱ्याला शब्दांत सांगता येते. पायांनी केलेली सांगता येतेच असे नाही.

२००४-०५च्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने एमेरी मैदानाबाहेर होते. लोर्का देपोर्तिवा या त्यांच्या क्लबने हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षकाला निरोप दिला आणि ते काम याच जायबंदी खेळाडूला देऊ केले. वय तेहतीस. काल ज्यांच्यासोबत कपडे बदलण्याच्या खोलीत थट्टामस्करी केली, त्यांच्यापैकी कोणाला अकरात घ्यायचे आणि कोणाला बाकावर बसवायचे, हे आज ठरवायचे होते. त्यांनी ते केले, आणि त्याच हंगामाअखेर लोर्का देपोर्तिवा द्वितीय श्रेणीत पोहोचला. बढतीचा निर्णायक सामना कोणाशी पडावा? इरूनच्या रेआल उनियोनशी, म्हणजे आजोबा आणि वडील यांच्या क्लबशी, त्यांच्याच मैदानावर. पुढच्या वर्षी हा चिमुकला क्लब द्वितीय श्रेणीत पाचवा आला आणि ला लिगाच्या उंबरठ्यापासून थोडक्यात परतला. मग आल्मेरियाने एमेरींना बोलावले. २००७मध्ये त्यांनी त्या संघाला ला लिगात नेले आणि तिथल्या पहिल्याच हंगामात आठव्या क्रमांकावर आणून ठेवले.

वालेन्सियातली चार वर्षे, २००८ ते २०१२, माझ्या मते त्यांच्या कामाचा सर्वांत कमी वाखाणला गेलेला भाग आहे. क्लब कर्जात बुडालेला, नव्या स्टेडियमचे बांधकाम अर्धवट थांबलेले, आणि दर उन्हाळ्यात घरातला एकेक दागिना सराफाकडे जात होता. २०१०मध्ये दाविद विया बार्सिलोनाला आणि दाविद सिल्वा मँचेस्टर सिटीला विकले गेले, त्याच्या पुढच्या वर्षी हुआन माता चेल्सीला. तरीही संघ सलग तीन वर्षे ला लिगात तिसरा आला. पेप ग्वार्दिओला यांचा बार्सिलोना आणि रेआल माद्रिद यांच्या त्या काळात तिसऱ्या क्रमांकाच्या वर जागाच नव्हती. पण प्रेक्षकांना तिसरा क्रमांक दर वर्षी तोच तो वाटू लागला, आणि त्यांनी शिट्ट्या वाजवल्या.

एमेरींच्या चित्रफितींच्या बैठका तेव्हापासूनच प्रसिद्ध आहेत. प्रतिस्पर्ध्याच्या खेळाचे तुकडे कापून ते तासन्‌तास दाखवत. वालेन्सियात त्यांच्या हाताखाली खेळलेला खट्याळ विंगर होआकिन पुढे म्हणाला होता की, एमेरी इतक्या चित्रफिती दाखवत की माझे पॉपकॉर्न संपून जात. दुसरा एक किस्सा खुद्द एमेरींनीच सांगितला आहे. एक खेळाडू घरी दिलेल्या चित्रफिती पाहत नाही असा त्यांना संशय आला. म्हणून त्यांनी त्याच्या हाती कोरा पेन ड्राइव्ह ठेवला. दुसऱ्या दिवशी विचारले, पाहिलेस का? तो म्हणाला, हो, पाहिले.

मॉस्कोतल्या स्पार्ताक क्लबमधला काळ काही महिन्यांतच आटोपला. त्याबद्दल सांगण्याजोगे फारसे नाही. जानेवारी २०१३मध्ये ते सेवियाला आले. त्या हंगामात सेविया नववा आला. त्याच्या पुढच्या संघांपैकी मालागा आणि रायो वायेकानो यांना युरोपात खेळण्याची परवानगी नाकारली गेली, म्हणून त्याला युरोपा लीगमध्ये जागा मिळाली. या उष्ट्या जागेवरून पुढची तीन वर्षे सुरू झाली. २०१४च्या उपांत्य फेरीत गाठ पडली वालेन्सियाशीच. घरचा सामना सेवियाने २-० जिंकला होता. परतीच्या सामन्यात वालेन्सियाने तीन गोल चढवले, आणि नव्वद मिनिटांनंतर वाढवून मिळालेल्या वेळेच्या चौथ्या मिनिटाला एम्बियाने डोक्याने गोल करून सेवियाला, एकूण बरोबरी झाल्यास प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरील गोल अधिक मोलाचे धरण्याच्या नियमाने, अंतिम फेरीत नेले. तुरिनमध्ये बेनफिकाला पेनल्टी शूटआऊटमध्ये, २०१५ साली वॉर्सात द्निप्रोला ३-२ आणि २०१६ साली बाझेलमध्ये लिव्हरपूलला ३-१ असे हरवून त्यांनी सलग तीन चषक जिंकले. यातल्या शेवटच्या वर्षाचा एक आकडा मात्र गौरवपर लेखांतून गाळला जातो: २०१५-१६च्या ला लिगा हंगामात याच सेवियाला बाहेरच्या मैदानावर एकही सामना जिंकता आला नाही.

तयारीवर जगणाऱ्या माणसाची मर्यादा पॅरिसमध्ये उघडी पडली. २०१७च्या फेब्रुवारीत, चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लबस्पर्धेत, पॅरिस सां-जर्में या त्यांच्या नव्या संघाने बार्सिलोनाला ४-० असे चिरडले. तो सामना एमेरींच्या अभ्यासाचा उत्तम नमुना होता. तीन आठवड्यांनी, ८ मार्चला, बार्सिलोनातल्या परतीच्या सामन्यात तोच संघ ६-१ असा हरला, आणि त्यांतले शेवटचे तीन गोल ८८व्या मिनिटापासून पुढे झाले. त्या सात-आठ मिनिटांत खेळाडूंना काय करायचे हे माहीत नव्हते असे मला वाटत नाही. माहीत असलेले करण्याइतके भान उरले नव्हते. शिवाय तिथल्या ताऱ्यांना रोजचा गृहपाठ नको होता. गृहपाठ हा त्याच्यावाचून ज्याचे भागत नाही, त्यानेच करायचा असतो.

आर्सेनलमध्ये ते २०१८मध्ये आले. सलग बावीस सामने अपराजित राहिले, ला लिगाइतक्याच चुरशीच्या प्रीमियर लीगमध्ये चौथ्या क्रमांकापासून एका गुणाने दूर राहिले, बाकू इथे युरोपा लीगचा अंतिम सामना चेल्सीकडून ४-१ असा हरले, आणि नोव्हेंबर २०१९मध्ये त्यांना काढण्यात आले. त्या काळात त्यांच्या ‘गुड इव्हनिंग’च्या उच्चाराची जेवढी टवाळी झाली, तेवढी त्यांच्या बचावफळीचीही चिकित्सा झाली नाही. (इंग्रजीवरून माणसाची अक्कल मोजण्याची खोड आपल्यालाही नवी नाही.)

मग स्पेनमधल्या विलारेआल या लहान गावाचा क्लब. लोकवस्ती सुमारे पन्नास हजार. २६ मे २०२१ रोजी ग्दान्स्कमध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा अंतिम सामना १-१ असा सुटला आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये सलग एकवीस फटके जाळ्यात गेले. शेवटी दोन्ही गोलरक्षकांवर पाळी आली: विलारेआलच्या रुयीने स्वतःचा फटका जाळ्यात मारला आणि नंतर युनायटेडच्या दे हेआचा अडवला. ११-१०. विलारेआलचा तो पहिला मोठा चषक. पुढच्या वर्षी या गावाने चॅम्पियन्स लीगमध्ये युव्हेंटस आणि बायर्न म्युनिक यांना घरी पाठवले व उपांत्य फेरी गाठली.

नोव्हेंबर २०२२मध्ये त्यांनी इंग्लंडच्या अ‍ॅस्टन व्हिलाची सूत्रे हाती घेतली तेव्हा तो संघ तळाकडे घसरत होता. हंगामाअखेर तो सातवा आला, पुढच्या वर्षी चौथा. या व्हिलाची बचावफळी पाहण्यासारखी आहे. ती धोका वाटावा इतकी पुढे, मध्यरेषेच्या दिशेने उभी राहते, आणि चौघेजण एका दोरीने बांधल्यासारखे एकाच क्षणी पाऊल टाकतात. प्रतिस्पर्धी आघाडीपटू ऑफसाइडच्या जाळ्यात अडकत जातो. यासाठी वेग लागतो त्याहून अधिक लागते ते शेजाऱ्याकडे लक्ष, आणि एकच हालचाल शेकडो वेळा घटवून घेण्याची चिकाटी. तोलेदो आणि फेरोलच्या मैदानांवर जे भांडवल होते, ते हेच. २ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हिलाने बायर्न म्युनिकला १-० असे हरवले. १९८२ साली युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यातही याच दोन संघांत हाच निकाल लागला होता.

आपल्या गोव्यातल्या प्रेक्षकांना अशी माणसे अपरिचित नाहीत. सेर्जिओ लोबेरा आणि मानोलो मार्केस हे एफसी गोवाला लाभलेले स्पॅनिश प्रशिक्षकही खेळाडू म्हणून नावारूपाला आलेले नव्हते. त्यांची ओळख फातोर्ड्याच्या मैदानाला झाली ती फळ्यावरच्या खडूमुळेच.

लोर्का देपोर्तिवा तेवढा आता उरला नाही. पैशांच्या तंगीत तो क्लब बंद पडला. रेआल उनियोन मात्र आहे. २०२१मध्ये एमेरी कुटुंबाने त्या क्लबचा बहुसंख्य हिस्सा विकत घेतला. इरूनच्या ज्या मैदानावर २००५ साली उनाई यांनी आजोबांच्या संघाला मागे टाकून आपली पहिली बढती साजरी केली होती, तिथे खेळणाऱ्या संघाच्या हिशेबाच्या वह्या आता त्यांच्याच घरी येतात.