पोलादापलीकडे पोहोचणारी वीज

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील या लहानशा कार्यशाळेत टेबलावर एक पोलादी पत्रा उभा केला आहे. त्याच्या अलीकडच्या अंगाला चांदीचा लेप दिलेली सिरॅमिकची चकती चिकटवली आहे, आणि नेमक्या तिच्या पाठीमागे, पलीकडच्या अंगाला, तशीच दुसरी चकती आहे. पत्र्यातून एकही तार आरपार गेलेली नाही. तरीही अलीकडचे बटण दाबताच पलीकडचा एलईडी लागतो.

या करामतीचे मूळ 1880 सालचे आहे. विशिष्ट स्फटिकांवर दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो, हे जाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी त्या वर्षी दाखवले. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमन यांनी याची उलट बाजू, म्हणजे वीज दिल्यास स्फटिकाचा आकार बदलतो, हे गणिताने मांडले आणि क्युरी बंधूंनी ते प्रयोगाने पडताळले. या टेबलावर दोन्ही परिणाम एकाच वेळी घडत आहेत. सुमारे 2 मिलिमीटर जाडीची पहिली चकती सेकंदाला जवळपास 10 लाख वेळा कंप पावते, तो श्राव्यातीत ध्वनी पोलादातून पलीकडे जातो, दुसरी चकती त्या कंपनांचे पुन्हा विजेत रूपांतर करते आणि चार डायोड त्या विजेला एकदिश करून दिव्याकडे देतात. रेडिओलहरींना पोलाद अडवते. ध्वनीला ते वाट देते.

आता चकती पत्र्यापासून किंचित सुटी केली आहे, आणि दिवा विझला आहे. पोलाद आणि हवा यांच्या सीमेवरून जवळजवळ सर्व ध्वनी परत फिरतो. म्हणूनच हवेतून मोबाइल चार्ज करण्याच्या कल्पनेपेक्षा बंद धातूपात्रांचा उपयोग आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. शरीरातील उपकरणांसाठीही संशोधन चालू आहे, मात्र तीव्र ध्वनीने ऊती तापत असल्याने तेथे मर्यादा पाळाव्या लागतात.

नाशिक परिसरातील वाइननिर्मितीच्या या पोलादी टाक्या पाहा. किण्वन चालू असताना आतले तापमान सतत मोजणाऱ्या संवेदकाला भिंतीबाहेरून वीज देता येईल, आणि त्याने घेतलेली मोजमापे बाहेर आणण्यासाठीही चकत्यांची हीच जोडी वापरता येईल.