बाससाठी रॉड: मुठीच्या वरची बारीक ओळ

(दृश्य: न्यू जर्सीतलं मासेमारीच्या सामानाचं दुकान. भिंतीला ओळीनं उभे रॉड.)

या भिंतीच्या डाव्या टोकाला पन्नास डॉलरचा रॉड उभा आहे, उजव्या टोकाला पाचशेच्या घरातला. दोन्ही सात फुटांचे, दोन्ही काळेभोर, आणि पाच पावलांवरून पाहिलं तर सारखेच. फरक विचारा, दुकानदार दहा मिनिटं बोलेल आणि शेवटी दोनशेचा रॉड हातात ठेवेल. त्याचा तो धंदाच आहे. आपण आधी माशाकडे जाऊ.

(दृश्य: लेक होपॅटकाँग. धक्क्याखालची सावली, पाणवनस्पती.)

लेक होपॅटकाँग, न्यू जर्सीतलं गोड्या पाण्याचं सगळ्यांत मोठं तळं. एडिसनकडच्या मराठी मंडळींना गाडीनं साधारण तासाभराचं. इथे राहतो लार्जमाउथ बास. हिरवट अंग, बाजूला काळपट पट्टा आणि डोळ्याच्याही मागे जाणारा जबडा. जबडा पाहून जिताडा आठवेल, पण त्याचं याच्याशी नातं नाही. हा सनफिश कुळातला, गोड्या पाण्यातला.

बास पाठलाग करणारा मासा नव्हे. तो दबा धरून बसतो. धक्क्याचा खांब, पडलेलं झाड, कमळाच्या पानांखालचा अंधार, अशा जागी. भक्ष्य टप्प्यात आलं की तोंड एकदम उघडतो आणि पाण्यासकट आत ओढून घेतो. नको वाटलं तर तितक्याच झटक्यात थुंकतो. म्हणजे गळ टाकणाऱ्याला मिळतो तो एखाद-दुसरा सेकंद. त्यात दोऱ्यातली ती बारीक 'टुक' कळली पाहिजे आणि गळ रुतला पाहिजे. वर मासा पहिली धाव घेतो ती थेट झाडोऱ्याकडे, तिथून त्याला वळवायचं. रॉडकडून हवं असतं ते एवढंच. भिंतीवरच्या प्रत्येक रॉडला हे तीन प्रश्न विचारायचे.

(दृश्य: रॉडची मूठ जवळून. कॅमेरा छापील अक्षरांवर स्थिरावतो.)

उत्तरं मुठीच्या जरा वर, बारीक अक्षरांत छापलेली असतात. ब्रँडचं नाव ठळक, ही ओळ बारीक. वाचायची ती हीच. या रॉडवर लिहिलंय: लांबी ७ फूट, पॉवर मीडियम, अ‍ॅक्शन फास्ट, लाइन, म्हणजे दोरा, ६ ते १२ पाउंड ताकदीचा, ल्यूर, म्हणजे आमिष, ३/१६ ते ५/८ औंस.

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. या दोघांत भल्याभल्यांची गल्लत होते. फास्ट रॉड फक्त शेंड्याकडे वाकतो, खालचा भाग ताठ राहतो, म्हणून मनगटाचा झटका गळापर्यंत लगेच पोचतो. मॉडरेट रॉड मध्यापर्यंत कमानीसारखा वाकतो. रबरी किडा वापरायचा असेल तर गळाचं टोक त्या रबरात लपवलेलं असतं. ते आधी रबर फोडणार, मग जबडा. तिथे फास्टच हवा. उलट क्रँकबेटला, म्हणजे माशाच्या आकाराच्या टणक नकली आमिषाला, छोटे तीन-काटी गळ लटकत असतात. ते उथळ रुततात. तिथे ताठ रॉडनं हिसका दिला तर मासा सुटतो. लवचीक रॉड तो धक्का पोटात घेतो.

ल्यूरचा आकडा तर पाळायलाच हवा. ३/१६ ते ५/८ औंस म्हणजे सुमारे पाच ते अठरा ग्रॅम. त्याहून हलकं आमिष लावलं की रॉड वाकतच नाही, मग फेक जाणार कुठून?

(दृश्य: दोन रीलं शेजारी शेजारी.)

रॉडची जातही पाहून घ्या. स्पिनिंग रॉडचं रील, म्हणजे दोरा गुंडाळायची चरखी, खाली लटकतं, आणि रॉडवरची पहिली कडी, जिच्यातून दोरा ओवतात ती, मोठी असते. कास्टिंग रॉडचं रील वर बसतं आणि मुठीला बोट अडकवायला आकडा असतो. कास्टिंगवर जाड दोरा आणि जड आमिष झकास चालतं, पण नवख्याच्या हातात पहिल्याच फेकीला रीलवर दोऱ्याचं घरटं होतं. पहिला रॉड स्पिनिंगच घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत. यूट्यूबवरचे स्पर्धक काहीही वापरोत.

स्पर्धकांचा विषय निघालाच आहे, तर ही भिंत इतकी भरली कशी तेही पाहू. १९६७ साली रे स्कॉट नावाच्या विमा विक्रेत्यानं आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बासची स्पर्धा भरवली. पुढे त्यातून बॅसमास्टर ही आख्खी स्पर्धामालिका उभी राहिली, बक्षिसांच्या रकमा वाढल्या. वेळेशी शर्यत असली की आमिष बदलत बसणं परवडत नाही, म्हणून स्पर्धकाच्या होडीत प्रत्येक आमिषाला वेगळा रॉड तयार असतो. कंपन्यांनी तीच सवय रविवारी धक्क्यावर बसणाऱ्यालाही विकली. तुम्हाला एकच रॉड पुरतो.

(दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र, जॉर्जियातली शेती.)

२ जून १९३२. महामंदीचे दिवस. जॉर्जियात पाऊस पडून शेत इतकं ओलं झालं होतं की नांगरणी शक्य नव्हती. जॉर्ज पेरी हा तरुण शेतकरी मित्राबरोबर माँटगोमेरी लेकवर गेला. त्याला जो बास लागला त्याचं वजन भरलं २२ पाउंड ४ औंस, दहा किलोंच्या वर. वजन नोंदवून झाल्यावर मासा घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी किंचित जड बास धरला, पण जुना विक्रम मोडायला निदान दोन औंसांचा फरक लागतो. तो नव्हता, म्हणून दोघांचा विक्रम बरोबरीत धरला जातो. पेरीच्या काळी कार्बन फायबरचा रॉड कुणी पाहिलाही नव्हता.

(दृश्य: दोन रॉड वाकवून दाखवले जातात.)

मग पैसे जातात कशात? बहुतेक वजनात. फायबरग्लासचा रॉड जड आणि चिवट. १९७०च्या दशकात ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन फायबरचे रॉड आले. तेवढाच ताठपणा कमी मालात मिळू लागला, रॉड हलका झाला आणि 'टुक' जास्त स्पष्ट कळू लागली. पण जितका उंची ग्रॅफाइट, तितकी नळीची भिंत पातळ आणि तितका तो ठिसूळ. होडीच्या कडेवर आपटलेला ओरखडा आज दिसत नाही, महिन्याभरानं मासा ओढताना तिथेच 'कट्' होतं. गाडीच्या दारात चिरडलेले रॉड वेगळेच. ग्रॅफाइटचा दर्जा म्हणून रॉडवर छापलेले आयएम६, आयएम७ हे आकडे पाहून भुलू नका. सगळ्या कंपन्यांना बांधील असं त्याचं एक प्रमाण नाही, त्यामुळे दोन ब्रँडचे आकडे शेजारी ठेवून काही ठरत नाही.

पन्नास डॉलरच्या आसपास शेक्सपिअर कंपनीचा अग्ली स्टिक मिळतो. १९७६ पासून चालत आलेलं नाव. त्याच्या जीएक्स२ या मॉडेलमध्ये ग्रॅफाइट आणि फायबरग्लास दोन्ही आहेत, कड्या एकसंध स्टीलच्या, त्यामुळे आतली चकती निखळून पडायचा प्रश्नच नाही. हातात जरा जड लागतो. मुलं वापरणार असतील, रॉड डिकीत पडून राहणार असेल, तर बिनधास्त घ्या. शंभर ते दीडशेत चांगला ग्रॅफाइट येतो आणि आमच्या मते पैसा वसूल होतो तो इथेच. त्यापुढे प्रत्येक जादा नोटेला मिळणारा फरक बारीक होत जातो. रोज आठ तास फेकणाऱ्याच्या मनगटाला तो कळेल, महिन्यातून दोन रविवार जाणाऱ्याला नाही.

(दृश्य: हात कडीतून कापूस फिरवतात.)

पैसे देण्याआधी एवढं करा. आपलं रील दुकानात घेऊन जा, रॉडला लावा आणि बोटावर तोलून पाहा. शेंडा सारखा खाली झुकत असेल तर दुपारपर्यंत मनगट भरून येणार. प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला तर चकतीला चीर आहे, ती दोरा कापणार. कड्या मोजा, सात फुटांच्या रॉडला शेंड्याची सोडून निदान सात तरी हव्यात. मग डोळ्यासमोर धरून सगळ्या एका रेषेत आहेत का ते बघा. आणि शेंडा छताला टेकवून वाकवू नका, दुकानदार ओरडेल आणि त्याचं बरोबर असेल.

रीलसकट मिळणाऱ्या स्वस्त जोडीत बहुधा रीलच आधी दगा देतं. त्यापेक्षा रॉड साधा घ्या आणि वाचलेले पैसे बऱ्या रीलवर आणि नव्या दोऱ्यावर घाला. परवान्याचे पैसेही बाजूला ठेवा. न्यू जर्सीत गोड्या पाण्यात मासेमारीला १६ ते ६९ वयाच्या प्रत्येकाला परवाना लागतो. सोळाच्या आतल्या मुलांना लागत नाही, पण त्यांच्या हातात सात फुटांचा रॉड देऊ नका. साडेपाच फुटांचा पुष्कळ झाला.